जर्बिलची जोडी बिनसते तेव्हा

(पॉडकास्टच्या ताज्या भागाचं हे शब्दांकन. बोलण्याची लय शक्यतो तशीच ठेवली आहे.)

सोलापुरातून बोलतोय. आजचा विषय आहे घरात पाळलेल्या जर्बिलांची भांडणं. पण ज्यांच्या घरी आत्ता, या क्षणी भांडण चालू आहे, त्यांच्यासाठी आधी दोन मिनिटं. बाकीच्यांनी जरा दम धरा, सगळं नीट बघणारच आहोत.

दोन जर्बिल एकमेकांना घट्ट धरून चेंडूसारखे गरगर लोळत असतील, तर हात घालू नका. त्या वेळी तुमचा हात आणि शत्रूचं अंग यातला फरक त्यांना कळत नाही, आणि त्यांचे दात खोल जातात. जाड टॉवेल घ्या. सोलापुरात टॉवेलला काय तोटा! तो दोघांवर टाका, किंवा मध्ये जाड पुठ्ठा सरकवा. सुटले की एकावर स्टीलचा डबा पालथा घाला आणि दुसऱ्याला वेगळ्या भांड्यात घ्या. घाईघाईत शेपटीला धरून उचलू नका. जर्बिलच्या शेपटीची कातडी मोज्यासारखी सुटून हातात येते आणि ती पुन्हा उगवत नाही. एकदा वेगळे झाले की आजची रात्र वेगळेच राहू द्या. "आता शांत झालेत" म्हणून तासाभरानं परत एकत्र सोडू नका. एवढं करून या, मग पुढचं ऐका.

जर्बिल म्हणजे नेमकं कोण?

काही श्रोत्यांना हा प्राणीच नवा असेल. जर्बिल उंदरासारखा दिसतो, पण त्याच्या शेपटीवर केस असतात आणि टोकाला झुपका असतो. मागचे पाय लांब, डोळे टपोरे. मागच्या पायांवर उभा राहून इकडंतिकडं बघण्याची त्याची सवय फार गोड. वजन साधारण ६० ते १०० ग्रॅम आणि आयुष्य तीन-चार वर्षांचं. घरात पाळतात तो मंगोलियन जर्बिल, म्हणजे मंगोलिया आणि उत्तर चीनच्या कोरड्या गवताळ माळांवरचा. १९३५ मध्ये तिकडून काही जोड्या पकडून जपानमध्ये प्रयोगशाळेसाठी नेल्या. १९५४ मध्ये त्यांच्या वंशातल्या ११ जोड्या अमेरिकेत गेल्या. तिथं त्या वाढल्या, प्रयोगशाळेतून लोकांच्या घरात आल्या आणि मग जगभर पसरल्या. आज पाळले जाणारे बहुतेक जर्बिल या मोजक्या जोड्यांचेच वंशज आहेत.

आपल्याकडे हॅमस्टर जास्त दिसतात, जर्बिल कमी. पण ज्यांच्याकडे आहेत त्यांचे प्रश्न येतात, आणि त्यातले बरेचसे भांडणाचेच असतात. त्यातला एक वाचून दाखवतो. होटगी रोडवरच्या एका ताईंनी पाठवलाय:

"आमच्याकडे दोन जर्बिल आहेत, दोघी बहिणी. वर्षभर एका काचेच्या टाकीत एकमेकींच्या अंगावर झोपायच्या. दिवाळीच्या आवराआवरीत टाकी साबणानं घासली, उन्हात वाळवली, सगळा भुसा नवा घातला. जागा वाढावी म्हणून वरचा मजला आणि दुसरं घरटंही दिलं. तिसऱ्या रात्री किंचाळण्याचा आवाज आला. बघितलं तर एकीच्या शेपटीच्या मुळाशी रक्त. लगेच वेगळं केलं. आता चार दिवस झालेत. मुलगी रोज विचारते, यांची कट्टी कधी सुटणार? परत एकत्र ठेवू का?"

ताई, थेट उत्तर देतो. आता एकत्र ठेवू नका. कदाचित कधीच नाही. का ते सांगतो.

हे बांधाचं भांडण आहे

आपण माणसं काय करतो, प्राण्यांच्या भांडणाला स्वभावाचा दोष लावतो. ही खोडकर आहे, तो दादागिरी करतो, वगैरे. जर्बिलच्या बाबतीत ते फारसं उपयोगाचं नाही. यांची भांडणं कळायची असतील तर शेताच्या बांधावरून होणारी भाऊबंदकी डोळ्यांसमोर आणा. इथं भांडण हद्दीचं असतं. आणि ही हद्द आखली जाते वासानं.

रानात एका बिळाच्या जाळ्यात एक नर, एक मादी आणि त्यांची वेगवेगळ्या वेतांतली पिल्लं असं एकत्र कुटुंब राहतं. पिल्लं सहसा त्या मुख्य जोडीचीच. बाकीचे बीळ खणायला, धान्य साठवायला हातभार लावतात. शेजारच्या कुटुंबातला कुणी हद्दीत शिरला की त्याला पिटाळून लावतात, आणि नाही गेला तर जीव घेईपर्यंत चावतात.

घरचा कोण आणि परका कोण, हे ओळखायचं कसं? जर्बिलच्या पोटावर मधोमध एक लांबट, केस नसलेला पट्टा असतो. ती वासाची ग्रंथी. पोट जमिनीला घासत जर्बिल चालला की समजा, तो सातबाऱ्यावर नाव चढवतोय! अमेरिकेतल्या टेक्सास विद्यापीठात १९६० च्या दशकाच्या शेवटी या ग्रंथीवर संशोधन झालं. नराचं हे पोट घासणं टेस्टोस्टेरॉन या संप्रेरकावर अवलंबून असतं, हे तेव्हा दिसून आलं. आपल्याकडे जोधपूरच्या केंद्रीय शुष्क प्रदेश संशोधन संस्थेत, म्हणजे काझरीत, राजस्थानच्या वाळवंटी जर्बिलवर असंच काम झालं. त्याच्याही पोटावर अशीच ग्रंथी आहे आणि तोही तिचा असाच वापर करतो.

म्हणजे एका टाकीत राहणाऱ्या दोघींच्या अंगाला एक सामायिक वास असतो. एकत्र झोपून, एकमेकींचं अंग चाटून, त्याच भुशात लोळून तो तयार होतो. तो वास म्हणजे त्यांचं आडनाव. वास जुळला की घरची, नाही जुळला की परकी.

आता ताईंच्या दिवाळीकडे परत बघा. साबणानं टाकी धुतली, म्हणजे सगळ्या हद्दी पुसल्या. सगळा भुसा टाकला, म्हणजे घराचा वासच गेला. वर नवा मजला आणि दुसरं घरटं दिलं, म्हणजे एका घराचे दोन उंबरे झाले. एकीनं वर मुक्काम ठोकला, दुसरीनं खाली, आणि दोन दिवसांत दोघींचे वास वेगळे झाले. तिसऱ्या रात्री समोर आली ती बहीण नव्हती, परकी होती. ताईंनी सगळं मायेपोटीच केलं. आपल्या नजरेतून घर स्वच्छ आणि मोठं झालं, त्यांच्या नजरेतून कुटुंब मोडलं.

कुटुंब मोडायची आणखीही कारणं असतात. एकाला आजारपणामुळे दोन दिवस वेगळं ठेवलं किंवा डॉक्टरांकडे नेऊन आणलं, तर तो औषधाचा आणि परक्या जागेचा वास घेऊन परततो. थोरला म्हातारा किंवा आजारी झाला की धाकटा जागा घ्यायला बघतो. पिल्लं अडीच-तीन महिन्यांची होऊन वयात येतात तेव्हा कुरबुरी वाढतात. तीन-चार मादी एकत्र असतील तर गट फुटायची शक्यता बरीच. सगळ्यात टिकाऊ गट दोघांचा. आणि सगळ्यात मोठी चूक म्हणजे "एक गेला, दुसरा एकटा पडला" म्हणून दुसऱ्याच दिवशी बाजारातून नवा आणून थेट आत सोडणं. असं केलं तर सकाळी एकच जिवंत दिसू शकतो.

खेळ कुठला आणि भांडण कुठलं?

प्रत्येक झटापटीला घाबरायचं कारण नाही. लहान वयाचे जर्बिल समोरासमोर उभे राहून पुढच्या पायांनी ढकलाढकली करतात, बॉक्सिंग केल्यासारखी. एकमेकांवरून उड्या मारतात, दाण्यासाठी हिसकाहिसकी करतात. थोड्या वेळानं परत एकाच ढिगात झोपतात. हा खेळ. शेवटी एकत्र झोपतात का, ही सगळ्यात साधी कसोटी लक्षात ठेवा.

बिनसायला लागलंय हे कसं ओळखायचं? एक जर्बिल घरट्याबाहेर, कोपऱ्यात किंवा झाकणाजवळ एकटा झोपायला लागतो. दुसरा त्याला खाण्याजवळ येऊ देत नाही. पाठलाग सुरू होतो, तोही एकाच बाजूनं, पळणारा नेहमी तोच. मागचे पाय धपधप आपटण्याचा आवाज वाढतो. एकाचं पोट घासत फिरणं एकदम वाढतं. अंगावरचे केस फुलवून, पाठीची कमान करून, दोघे एकमेकांच्या बाजूला तिरके उभे राहतात. ही शेवटची पायरी, यानंतर चेंडू होतो.

जखमा बघायच्या त्या शेपटीच्या मुळाशी, पाठीच्या मागच्या भागावर, गळ्याखाली आणि पोटावर. एक गोष्ट मात्र लक्षात घ्या. नाकाखाली किंवा डोळ्यांभोवती लालसर काही दिसलं तर ते दर वेळी रक्तच असेल असं नाही. जर्बिलच्या डोळ्यामागच्या ग्रंथीतून लालसर रंगाचा स्राव येतो. ताणात असला की तो साफ करायचा राहतो आणि साचतो. ओल्या कापसानं पुसून बघा. खाली जखम नसेल तर तो मार नाही, पण ताण आहे हे नक्की.

घरात ग्रॅम दाखवणारा किचनचा वजनकाटा असेल तर आठवड्यातून एकदा दोघांचं वजन करून वहीत लिहा. हरणारा जर्बिल रक्त निघण्याच्या कितीतरी आधी वजन गमवायला लागतो. ७५ चा ६८ झाला, तोही एकटाच, तर काहीतरी शिजतंय.

रक्त निघालंय, आता काय?

आधी जखम. मेडिकलमधून नॉर्मल सलाइनची लहान बाटली आणा. कोमट करा, कापसानं हलकं पुसा, रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापडानं दाबून धरा. हळद भरू नका, फरशी पुसायचं किंवा माणसांच्या जखमेचं जंतुनाशक ओतू नका, मलमांचा थर देऊ नका. जर्बिल ते सगळं चाटून पोटात घेतो. भांडणानंतर एखादा जर्बिल कान मागं टाकून थिजल्यासारखा होतो, थरथरतो, त्याला झटका येतो. या जातीत अशा झटक्यांची प्रवृत्ती असतेच. त्याला हलवू नका, अंधार आणि शांतता द्या. बहुतेक वेळा थोड्या वेळात तो सावरतो.

चावा खोल असेल, सूज आली, पू दिसला किंवा खाणं बंद झालं तर डॉक्टर. आपल्या भागातल्या पशुवैद्यकांचा बहुतेक वेळ गाई-म्हशी, शेळ्या आणि कुत्र्या-मांजरांत जातो. जर्बिल त्यांनी रोज बघितलेला नसतो, आणि त्यात त्यांचा काही दोष नाही. म्हणून आधी फोन करून विचारा आणि एक गोष्ट आठवणीनं सांगा: जर्बिलला स्ट्रेप्टोमायसिन चालत नाही. गुराढोरांना पेनिसिलिन आणि स्ट्रेप्टोमायसिनचं एकत्र इंजेक्शन सर्रास दिलं जातं. तेच या सत्तर-ऐंशी ग्रॅमच्या जिवाला दिलं तर तो दगावू शकतो. हॅमस्टर आणि गिनीपिगच्या बाबतीत पेनिसिलिनही धोक्याचं. नम्रपणे, पण नक्की सांगा. चांगले डॉक्टर तुमचं ऐकून घेतात.

परत जुळवायचं असेल तर

आता मुलीच्या प्रश्नाकडे. कट्टी सुटेल का?

रक्त निघेपर्यंत भांडण झालेल्या दोन प्रौढ माद्या परत जुळणं फार अवघड. जुळल्यासारख्या दिसतात आणि महिन्यानं पुन्हा फुटतात, आणि दुसऱ्यांदा आपण घरी असूच असं नाही. म्हणून ताईंना माझा सल्ला वेगळं ठेवण्याचाच आहे. दोन नर असतील, जखम किरकोळ असेल, तर प्रयत्न करता येतो. सगळ्यात सोपं जुळतं ते एक प्रौढ आणि त्याच लिंगाचं सहा ते आठ आठवड्यांचं पिल्लू. ताईंच्या दोघींनाही पुढं अशी एकेक धाकटी सोबतीण देता येईल. पण कुठल्याही जुळवणीची पद्धत एकच: मध्ये जाळी.

दोन फुटी माशांची टाकी घ्या. मध्ये जाळीची भिंत बसवा. हार्डवेअरच्या दुकानात वेल्डेड जाळी मिळते, त्यातली पाव इंची मागा. अर्ध्या इंचाच्या भोकातून नाक आणि बोटं पलीकडे जातात आणि चावली जातात. भिंत तळापासून झाकणापर्यंत हवी, कडेला फट नको. जर्बिल खणतो, उडी मारतो आणि कुरतडतो, तिन्हीचा विचार करून बसवा. दोन्ही बाजूंना भुसा, पाणी, दाणा सारखाच.

दोघांना दोन बाजूंना ठेवा. दिवसातून दोन-तीन वेळा जागा बदला, याला त्याच्या बाजूला, त्याला याच्या. हात लावू नका, काचेच्या बरणीत किंवा डब्यात शिरू द्या आणि उचला. भुसा बदलू नका. म्हणजे काय होतं, प्रत्येक जण दुसऱ्याच्या वासात झोपतो, दुसऱ्याच्या घरट्यात उठतो. हळूहळू दोन आडनावांचं एक होतं.

पहिले दोन-तीन दिवस जाळी चावणं, पाय आपटणं होईल. होऊ द्या. किमान सात ते दहा दिवस हे करा, लागले तर दोन-तीन आठवडे. दोघे जाळीला टेकून, पाठीला पाठ लावून झोपायला लागले आणि जाळी चावणं पूर्ण थांबलं, की पुढची पायरी.

त्यासाठी सुटीचा दिवस निवडा आणि सकाळची वेळ. रविवारी रात्री नऊ वाजता सुरू करू नका. एक छोटी जागा घ्या, फूट-दीड फुटाची, दोघांनाही नवी. दोन्ही बाजूंचा थोडा थोडा जुना भुसा एकत्र करून घाला. घरटं नको, चाक नको, बोगदा नको. लपायला किंवा राखायला काहीच नको. टॉवेल आणि पुठ्ठा हाताशी ठेवा आणि दोघांना सोडा.

हुंगणं, तोंडाखाली तोंड घालणं, एकमेकांचं अंग चाटणं, थोडी चढाचढी, थोडा पाठलाग हे चालतं. केस फुलणं, पाठीची कमान, तिरकं उभं राहणं दिसलं की त्याच क्षणी पुठ्ठा मध्ये घाला आणि परत जाळीकडे. चेंडू व्हायची वाट बघू नका. सगळं ठीक वाटलं तरी दिवसभर नजर ठेवा. दोघे एका ढिगात शांत झोपले की पहिला गड सर झाला. त्यानंतर आठ-पंधरा दिवस त्याच छोट्या जागेत राहू द्या, मग थोडी थोडी जागा वाढवा. चाक आणि घरटं सगळ्यात शेवटी. घरटं एकच आणि त्याला दोन तोंडं असलेली बरी, म्हणजे कोंडी होत नाही.

अत्तर, पावडर लावून दोघांचा वास सारखा करायचा असा एक जुना उपाय सांगितला जातो. त्याच्या नादी लागू नका. पावडरचा वास दोन तासांत उडतो, खाली परका तसाच असतो, आणि पावडर छातीत जाते ती वेगळीच.

रोजच्या सवयी

भांडण टाळायचं कसं? साफसफाई अर्धी-अर्धी करा. एका वेळी निम्मा भुसा बदला, निम्मा जुना ठेवा. जर्बिल वाळवंटी प्राणी आहे, लघवी अगदी कमी करतो, त्यामुळे टाकीला लवकर वास येत नाही. घासायची वेळ आली तरी घरटं त्याच आठवड्यात धुऊ नका. दाणा वाटीत न ठेवता भुशात विखरून टाका, म्हणजे वाटी राखायचा प्रश्नच मिटतो. ज्वारी, बाजरी, राळं, भगर हे आपल्याकडे भरपूर मिळतं. सूर्यफुलाच्या बिया मोजून द्या, चरबी वाढते. बिळं करायला भुशाचा थर आठ-दहा इंच तरी हवा. खणायला मिळालेला जर्बिल कमी चिडतो. वखारीतला बारीक, धुळकट भुसा मात्र नको, नाका-डोळ्यांना त्रास होतो. घरट्यात सुताचे गुंते, मागावरचे धागे घालू नका. ते पायाला आवळतात. पांढरा टिश्यू पेपर द्या, तो स्वतः कातरून मऊ करतो.

आणि सोलापूरचा उन्हाळा! कोरडी हवा जर्बिलला मानवते, पण मे महिन्यात पारा ४३-४४ अंशांवर गेला की काचेची टाकी भट्टी होते. खिडकीजवळून, पत्र्याच्या खोलीतून टाकी हलवा. फरशीवर, घराच्या आतल्या खोलीत ठेवा, वर जाळीचं झाकण. कूलरचा झोत थेट सोडू नका. दमट हवेत त्याची कातडी तेलकट होते, केस चिकटून उभे राहतात. आणि अशा वेळी जुळवणीचा प्रयोग तर करूच नका. पहिला पाऊस पडून हवा निवली की बघा.

शेतातल्या भावंडाबद्दल

नान्नजच्या माळावर, आपल्या शेतांच्या बांधांवरही जर्बिल आहे. भारतीय जर्बिल, आकारानं मोठा, रात्रीचा फिरणारा. खोकड, घुबड, सापांचं ते अन्न. नांगरटीत कधी पिल्लं निघतात आणि मुलं ती घरी आणतात. कृपा करून आणू नका. घरच्या जर्बिलची जोडी म्हणून तर नाहीच, ती वेगळी जात आहे, भांडण अटळ आहे. दुसरं कारण जास्त गंभीर. रानातल्या उंदरांत प्लेगचा जिवाणू वर्षानुवर्षं टिकून राहतो, आणि भारतात त्याचा सांभाळ करणाऱ्यांत या जर्बिलचं नाव घेतलं जातं. बीड जिल्ह्यातल्या ममला गावात १९९४ मध्ये प्लेग आला होता, हे अनेकांना आठवत असेल. म्हणून रानातला रानात बरा. बघायचा तर टॉर्च घेऊन लांबून बघा.

"एकटं कसं राहील?"

शेवटचा मुद्दा हॅमस्टरवाल्यांसाठी, कारण तुमची संख्या जास्त आहे. दुकानात एका पिंजऱ्यात दहा हॅमस्टर दिसतात आणि दुकानदार म्हणतो, "जोडी घ्या, एकटं कसं राहील?" आपल्यालाही ते पटतं. आपल्याकडे देवळातल्या मूर्तीपासून पिंजऱ्यातल्या पोपटापर्यंत सगळ्यांची जोडी लागते. पण सोनेरी हॅमस्टर, ज्याला सीरियन म्हणतात, तो मुळातच एकटा राहणारा प्राणी आहे. १९३० मध्ये सीरियातल्या अलेप्पोजवळच्या शेतात एक मादी आणि तिची पिल्लं खणून काढली, तिथून घरगुती हॅमस्टरचा वंश सुरू झाला. तेव्हाही बिळात आई आणि पिल्लंच होती, दुसरं प्रौढ कुणी नाही. दुकानातली ती दहा पिल्लं लहान आहेत म्हणून गप्प आहेत. आठ-दहा आठवड्यांनंतर प्रत्येकाला स्वतंत्र पिंजरा लागतो. हॅमस्टरची जुळवणी करायची नसते, जाळी लावूनही नाही. जर्बिलचं कुटुंब मोडतं, हॅमस्टरचं मुळात नसतंच.

एकटा पडलेला जर्बिलही जगतो, आणि नीट जगतो. त्याला खोल भुसा द्या, कुरतडायला पुठ्ठ्याच्या नळ्या द्या, पळायला फटी नसलेलं चाक द्या आणि रोज संध्याकाळी अर्धा तास तुमचा हात त्याच्या टाकीत असू द्या. त्याला सोबत आवडते हे खरं, पण जिवावर बेतणारी सोबत नको. मुलांना हे सांगताना "ते वाईट वागले" असं सांगू नका. सांगा, की त्यांना आता एकमेकींचा वास ओळखीचा वाटत नाही, आणि दोघी सुखरूप राहाव्यात म्हणून आपण दोन घरं केली. मुलांना ते कळतं. आपल्यालाच उशिरा कळतं, कारण आपल्याला प्रत्येक गोष्टीचा शेवट बट्टीनं झालेला हवा असतो.

तर विकत घ्यायच्या आधीच एवढं करा: एकाच वेतातली, एकाच लिंगाची दोन पिल्लं घ्या. नर-मादीत घोटाळा नाही ना, हे माहितगाराकडून तपासून घ्या. नाहीतर जेमतेम चार आठवड्यांत टाकीत अर्धा डझन पिल्लं आणि नवी भाऊबंदकी. आणि घरात दुसरी रिकामी टाकी आणि पाव इंची जाळीचा तुकडा पहिल्या दिवसापासून ठेवा. भांडण रात्री दोन वाजता होतं, आणि तेव्हा हार्डवेअरचं दुकान बंद असतं.

प्रश्न पाठवत राहा. वजनाची वही ठेवत असाल तर आकडेही पाठवा, त्यावरून बरंच सांगता येतं. पुढच्या भागात सशांची जोडी आणि नसबंदी यावर बोलू. तोवर राम राम.